दुखापतीनंतर पायरीपायरीने

प्लास्टर निघाले की आपण बरे झालो, असे रुग्णाला वाटते. वास्तविक खरे काम तेथूनच सुरू होते. कित्येक आठवडे न वापरलेले स्नायू रोडावलेले असतात. जिना उतरताना गुडघा लटपटतो. काही जण भीतीपोटी हालचालच टाळतात, तर काही पहिल्याच दिवशी जुना वेग गाठू पाहतात. दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत.

यातून मार्ग दाखवला तो डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धकाळात ते शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघा जायबंदी झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. त्यांनी रुग्णांना पेलेल तेवढे वजन थोड्या वेळा उचलायला लावले व बळ येईल तसे ते वाढवत नेले. १९४५ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. १९४८ साली डॉ. आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी सोपा क्रम मांडला: जे वजन जेमतेम १० वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्याने १० वेळा, पाऊण वजनाने १० वेळा आणि शेवटी पूर्ण वजनाने १० वेळा.

या पद्धतीचे मर्म असे, की मोजमाप आजच्या शक्तीचे करावे, दुखापतीपूर्वीच्या नव्हे. स्नायूंना बळ लवकर येते. अस्थिबंध व स्नायुरज्जू मात्र सावकाश सशक्त होतात. म्हणून उत्साह आला तरी वाढ थोडीथोडीच असावी. सूज आली किंवा वेदना दुसऱ्या दिवशीही राहिली, तर एक पायरी मागे यावे व डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. मागे येणे म्हणजे हार नव्हे. तोही बरे होण्याचाच भाग आहे.