रुग्णालय उघडण्यापूर्वीचा हिशेब



वार्षिक अहवालात वर्षभराची रुग्णसंख्या आणि जमाखर्च सादर करण्याची प्रथा आहे. त्यासोबत या वर्षी एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटले. दरवर्षी कोणी ना कोणी सद्गृहस्थ आमच्याकडे येतात आणि म्हणतात, “गावी रस्त्यालगत जागा आहे. आईवडिलांच्या स्मरणार्थ इमारत बांधून देतो. रुग्णालय केव्हा सुरू होईल?” हेतू पवित्र असतो, रक्कमही तयार असते. परंतु इमारत पूर्ण होणे आणि रुग्णालय सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुरू झालेले रुग्णालय पाचव्या वर्षी सुरूच असणे ही तिसरी. या तीन गोष्टींतील अंतर समजावून सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गरज कशाची?

पहिला प्रश्न खाटा किती, हा नसून आजार कोणते, हा असावा. येवला शहर नाशिक–छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर–मनमाड या दोन वर्दळीच्या रस्त्यांवर वसलेले आहे. त्यामुळे अपघाताचा रुग्ण कोणत्याही प्रहरी येऊ शकतो. शहरात पैठणी विणणारी कुटुंबे आहेत. तासन्‌तास मागावर बसून त्यांची पाठ, मान व डोळे शिणतात. तालुक्याच्या उत्तर-पूर्व भागात पाऊस बेभरवशाचा असतो. पीक हातचे गेले की दुखणे अंगावर काढले जाते. आणि सर्वांत तातडीची गरज बाळंतिणीची. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव आवरला नाही, तर सुमारे दोन तासांत माता दगावू शकते. नाशिक येथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. वाहन मिळवणे, प्रवास, तेथील नोंदणी हे सारे त्या दोन तासांतच बसवावे लागते.

गरज ओळखण्याचा उत्तम वस्तुपाठ शेजारच्या जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले. केवळ रुग्णालयाने खेड्याचे आरोग्य सुधारत नाही, हे ओळखून त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे गावातच टाळता येते त्यासाठी खाट अडवू नये, हा त्यातला व्यवहार आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

भिंतीपलीकडचे बांधकाम

रुग्णालयाच्या इमारतीत दिसणाऱ्या भागापेक्षा न दिसणारा भाग अधिक खर्चिक असतो. शंभरपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयास प्रत्येक खाटेमागे दररोज ३४० लिटर पाणी धरावे, असे मानक आहे. तीस खाटांस हे १०,२०० लिटर होते. म्हणजे उन्हाळ्यात नळ आटल्यास रोज दहा हजारी एक टँकर, आणि तरीही थोडी तूट. येवल्यात योजना आखताना साठवण टाकी व कूपनलिका यांचा विचार जिन्याच्या संगमरवराआधी करावा लागतो.

ऑक्सिजनचेही असेच आहे. मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लागणाऱ्या एका रुग्णास दिवसाला १४,४०० लिटर, म्हणजे सुमारे सात हजार लिटरची दोन मोठी सिलिंडरे लागतात. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन दाब घटला आणि त्याच दिवशी बावीस रुग्णांचे प्राण गेले. त्याच वर्षी जानेवारीत भंडारा येथे नवजात शिशुकक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके, तर नोव्हेंबरमध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अतिदक्षता कक्षातील आगीत अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. वायरिंग, पर्यायी पुरवठा आणि बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग यांवरील खर्च कोनशिलेवर झळकत नाही. तो नसला तर मात्र वर्तमानपत्रात झळकतो.

परवानग्यांचा क्रम

परवानग्या ही सरकारी अडवणूक आहे, असा समज आढळतो. आमचा अनुभव असा की, योग्य क्रमाने घेतल्यास त्याच नियोजनाची यादी ठरतात. जागेचा अकृषिक वापर व बांधकाम नकाशा आधी. १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी. तिचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण. सोनोग्राफीसाठी १९९४च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली वेगळी नोंदणी. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना. त्या खोलीचे क्षेत्रफळ किमान १८ चौरस मीटर लागते. खोली आधी बांधून यंत्र नंतर आणल्यास भिंत पाडण्याची वेळ येते. अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र २००६च्या कायद्यानुसार दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा व निळा असे वर्गीकरण २०१६च्या नियमांनी ठरवून दिले आहे आणि प्रक्रिया न केलेला कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. यांतील बरेच खर्च एकदाचे नसून पुन्हा पुन्हा येणारे आहेत.

माणसे

एका जागी चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या भराव्या लागतात. एक परिचारिका सहा पाळ्या करते. म्हणजे साडेतीन परिचारिका, आणि रजा व आजारपण धरता प्रत्यक्षात चार ते पाच. प्रसूतिशस्त्रक्रियेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाइतकाच भूलतज्ज्ञ महत्त्वाचा. तो रात्री दोन वाजता उपलब्ध नसेल, तर शस्त्रक्रियागृह ही केवळ एक स्वच्छ खोली आहे. तज्ज्ञांना तालुक्याच्या गावी टिकवायचे तर वेतनासोबत राहण्याची सोय आणि मुलांची शाळा यांचाही विचार करावा लागतो.

खाटांचे गणित

आता हिशेब. पुढील आकडे आमच्या ताळेबंदातील नसून केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, तीस खाटांच्या रुग्णालयाचा वेतन, वीज, देखभाल इत्यादी स्थिर खर्च महिन्यास १२ लाख, म्हणजे दिवसास ४०,००० रुपये आहे. एका खाटेमागे दिवसाचे सरासरी उत्पन्न २,६०० रुपये आणि औषधे, आहार इत्यादी खर्च ६०० रुपये. शिल्लक उरते २,००० रुपये. म्हणजे रोज वीस खाटा भरल्या तर तोंडमिळवणी होते.

परंतु धर्मादाय रुग्णालयाचे गणित येथे थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवायच्या असतात. आमच्या उदाहरणात तीन मोफत खाटांवर १,८०० रुपये पदरचे जातात आणि निम्म्या दराच्या तीन खाटांतून २,१०० रुपये उरतात. दोन्ही मिळून शिल्लक अवघी ३०० रुपये. उर्वरित ३९,७०० रुपयांसाठी पूर्ण दराच्या वीस खाटा भराव्याच लागतात. म्हणजे तीसपैकी सव्वीस खाटा बारमाही भरलेल्या हव्यात! पावसाळ्यातील तापाच्या साथीत हे घडते. एरवी घडेलच असे नाही. निर्धन रुग्णांच्या औषधोपचारासाठी देयकांच्या दोन टक्के रकमेचा स्वतंत्र निधी उभारायचा असतो. त्याने भार हलका होतो, नाहीसा होत नाही.

नव्या रुग्णालयाकडे लोकांचा विश्वास जुळायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी पूर्ण दराच्या सरासरी दहाच खाटा भरल्या, तर रोजची तूट २०,००० आणि वर्षाची सुमारे ७२ लाख रुपये होते. शासकीय विमा योजनेत रुग्णास उपचार विनामूल्य मिळतात, परंतु रुग्णालयास रक्कम नंतर मिळते. परिचारिकेचे वेतन मात्र एक तारखेसच द्यावे लागते. शिवाय आरोग्यसेवा बहुतांशी वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने यंत्रखरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर खर्चातच जमा होतो.

विनंती

यावरून कोणी निराश होऊ नये. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली अवघ्या अकरा खाटांवर सुरू झाले आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या आधारावर लाखो गरिबांना दृष्टी देत वाढले. त्यांनी थोडक्यात सुरुवात केली आणि एकच काम उत्तम केले. म्हणून दानशूर मंडळींस आमची नम्र विनंती आहे: आपण तीस खाटांची इमारत देऊ इच्छित असाल, तर पंधरा खाटांची द्यावी आणि उरलेली रक्कम पहिल्या दोन-तीन वर्षांच्या तुटीसाठी, तसेच परिचारिका व भूलतज्ज्ञ यांच्या वेतनाच्या कायम निधीसाठी ठेवावी. कोनशिला लहान होईल, हे खरे. परंतु मध्यरात्री बैलगाडीने, जीपने वा रुग्णवाहिकेने आलेल्या बाळंतिणीस दार उघडे मिळेल आणि आत माणूस मिळेल. आपल्या स्मरणातील व्यक्तीचे नाव त्याहून चांगल्या जागी कोरता येणार नाही, असे आम्हांस वाटते.