यंदाच्या दिवाळीत आपणही थोडं बसू या



दिवाळी तोंडावर आली की गटाच्या बैठकीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "या महिन्यात कर्ज मिळेल का?" आणि दुसरं, "हा सण एकदाचा पार पडू दे गं बाई!" सण अजून आलेलाही नसतो आणि आपण तो संपायची वाट बघत असतो. मुलं मात्र दिवस मोजत असतात, तो लवकर यावा म्हणून. एकाच घरात, एकाच सणाबद्दल असं का होतं? आज त्याबद्दलच बोलू या.

दिवाळी येते तेव्हा आपण कुठे असतो?

दिवाळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा सोयाबीनची काढणी-मळणी चाललेली असते, कापसाची वेचणी सुरू झालेली असते, रब्बीची पेरणी डोक्यावर असते. ज्या घरातली माणसं ऊसतोडीला जातात, तिथे निघायची बांधाबांध सुरू असते. म्हणजे दिवसभर रान आणि रात्री भिंती झाडणं, गोधड्या धुणं, भाजणी, लाडू, करंज्या. त्यात रोजचा स्वयंपाक, पाणी, गुरंढोरं काही थांबत नाहीत.

आपलं रोजचं काम किती असतं, याची सरकारनेच मोजणी केली आहे. २०१९ च्या देशपातळीवरच्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. म्हणजे आपले जवळपास पाच तास, त्यांचा दीड तास. आणि हा आकडा सणाचा नाही, रोजचा आहे. सणाचं काम याच्यावर चढतं. मग अंगात त्राण उरत नाही, चिडचिड होते. ताई, तुमचं काही चुकत नाही. ओझंच तेवढं आहे.

आनंद कुठला आणि ओझं कुठलं?

सण सोडून द्या, असं मी अजिबात म्हणत नाही. सणात आपल्याला आवडणाऱ्या कितीतरी गोष्टी असतात. पण त्यांच्या जोडीला अशाही काही असतात, ज्या फक्त "लोक काय म्हणतील" म्हणून चालू राहिलेल्या असतात. दोन्ही एकत्र मिसळल्यामुळे सगळंच ओझं वाटायला लागतं. म्हणून आधी निवडून वेगळं करायचं, सुपात धान्य पाखडतो तसं.

एक सोपी कृती करून बघा. दोन वाट्या घ्या आणि मूठभर हरभरे घ्या. दिवाळीचं एकेक काम मोठ्याने म्हणा आणि स्वतःला विचारा, "हे नाही केलं तर मला स्वतःला चुकल्यासारखं वाटेल का?" वाटणार असेल, तर हरभरा पहिल्या वाटीत. "मला काही नाही, पण लोक बोलतील," असं वाटलं, तर दुसऱ्या वाटीत. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, अंगणातली पणती, भाऊबीजेला माहेरी जाणं यांचे हरभरे बहुतेकींचे पहिल्या वाटीत जातील. सात-आठ प्रकारचं फराळ, ऐपत नसताना घेतलेल्या मानपानाच्या साड्या, शेजारच्यांपेक्षा मोठी फटाक्यांची माळ यांचे कुठे जातात ते बघा. उत्तर प्रत्येकीचं वेगळं येईल. एखादीला अनारसे करायला मनापासून आवडतात. तिने तांदूळ तीन दिवस खुशाल भिजवावेत! ज्यांना आवडत नाहीत, त्यांनी ते केलेच पाहिजेत असं कुठे आहे?

दुसरी वाटी किती महाग पडते?

आता गटाच्या भाषेत हिशोब करू. समजा, मानपान, कपडे आणि फराळ यांसाठी ८,००० रुपये कमी पडले.

गटातून शेकडा २ रुपये दराने घेतले आणि महिन्याला ८०० रुपये मुद्दल फेडत गेलो, तर व्याज पहिल्या महिन्यात १६०, दुसऱ्या महिन्यात १४४ असं कमी होत जातं. १० महिन्यांत एकूण व्याज ८८० रुपये.

तेच पैसे खाजगीत शेकडा ५ रुपये दराने घेतले आणि आपण फक्त व्याजच देत राहिलो, तर महिन्याला ४०० रुपये जातात. १० महिन्यांत ४,००० रुपये गेले आणि ८,००० चं मुद्दल जिथल्या तिथे! पुढची दिवाळी दारात उभी, तरी मागची फिटलेली नाही.

सणासाठी गटातून कर्ज घेणं हा गुन्हा नाही. अडीनडीला गट आहेच. पण गटाचा पैसा मर्यादित असतो. तो मानपानात गेला, तर कुणाची शेळी, कुणाचं शिलाई मशीन, कुणाच्या लेकीची फी मागे राहते. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनं करून हेच सांगितलं, की कर्ज काढून सण करू नका. हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाला आपल्या घरातली अडचण बरोबर ठाऊक होती.

एकटीने नाही, दहाजणींनी ठरवा

तुम्ही म्हणाल, "मॅडम, बोलायला सोपं आहे. मी नणंदेला साडी नेसवली नाही, तर वर्षभर ऐकावं लागेल." अगदी खरं आहे. एकटीने बंद केलं, तर ती चिकट ठरते. पण गंमत बघा. तुम्ही तिला देता, कारण ती तुम्हाला देते, आणि ती देते, कारण तुम्ही देता. मनातून दोघींनाही ते जड जातं, पण आधी बोलायचं कुणी? हे कोडं एकटीला सुटत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं, तर मात्र कुणीच वाईट ठरत नाही.

रीत बदलत नाही, असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, या प्रथा गावात बंद करायच्या. पुढे राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. इतकी जुनी आणि इतकी कठोर रीत एक गाव एकत्र बसून बदलायला निघतं, तर साडीचं देणं-घेणं आपल्याला कमी करता येणार नाही का?

गटाच्या बैठकीत यांपैकी काय जमेल, ते बघा:

• फराळ वाटून घ्या. प्रत्येक घरी सगळे पदार्थ करण्यापेक्षा एकीने सगळ्यांच्या चकल्या कराव्यात, दुसरीने लाडू, तिसरीने चिवडा. तेल, डाळ, रवा एकत्र घाऊक आणा आणि खर्च वहीत लिहा.

• मानपानाला मर्यादा घाला. साडीऐवजी ब्लाउजपीस किंवा नुसता नारळ, असं सगळ्यांनी मिळून ठरवा.

• दिवाळी भिशी सुरू करा. आठवड्याला ५० रुपये बाजूला टाकले, तर ४० आठवड्यांत २,००० रुपये हातात येतात, तेही बिनव्याजी.

• कामाची यादी घरात मोठ्याने वाचा. जाळी काढणं, भांडी घासणं, पणत्या लावणं हे मुलगेही करू शकतात आणि त्यांचे वडीलही.

• सासूबाईंशी आधी बोला, ऐनवेळी नको. "आई, तुम्हाला यातलं मनापासून काय आवडतं? तेवढं नीट करू," असं विचारून बघा. त्याही वर्षानुवर्षं हेच ओझं वाहत आल्या आहेत.

• नवरा गमावलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीला ओवाळायला, फराळ करायला पहिल्यांदा बोलवा. यात खर्च काहीच नाही.

मग मोकळ्या वेळात काय करायचं?

काहीच नाही. बसायचं!

हसू नका. आपल्याला नुसतं बसायची सवयच राहिलेली नाही. नरकचतुर्दशीला आपण पहाटे चारला उठतो, पाणी तापवतो, सगळ्यांना तेल-उटणं लावतो आणि स्वतः शेवटी घाईघाईत अंघोळ उरकतो. तुमच्या डोक्याला तेल शेवटचं कुणी लावलं होतं, आठवतं का? या वर्षी लेकीला सांगा, बहिणीला सांगा, जावेला सांगा. पाच मिनिटं डोळे मिटून बसा.

छोटा आनंद असाच असतो. तो रोज येतो, पण आपलं मन पुढच्या कामावर असतं, म्हणून तो आपल्याला न भेटताच निघून जातो. पोरांनी मातीचा किल्ला केला की ती हाक मारतात, "आई, बघ ना!" आणि आपण आतूनच म्हणतो, "हो, छान झालाय." एकदा उठून जा, त्यांच्यासोबत त्यावर पेरलेले मोहरीचे कोंब बघा. माहेरी गेलात, तर लगेच स्वयंपाकघरात शिरू नका. आईच्या शेजारी ओट्यावर बसा, तिचा हात हातात घ्या. पहिली चकली गरम असतानाच स्वतः खा, डब्यातली उरलेली नाही.

येत्या बैठकीत बचत आणि परतफेड झाली की दहा मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकीने तीन प्रश्नांची उत्तरं द्या. यंदा मी काय सोडणार? काय मनापासून करणार? आणि स्वतःसाठी कधी बसणार? जे ठरेल, ते ठराव वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या. बाकीचे ठराव आपण पाळतोच, हाही पाळू या.

तुम्हा सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. बैठकीत भेटूच!

तुमची,
क्षेत्र समन्वयक