माल्टाचा समुद्र, आपली मुले आणि सिकलसेलचा रिपोर्ट

मार्च महिन्यात वस्तीतली एक वहिनी आमच्याकडे आली. तिची नणंद आमच्यासोबतच नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. आता ती माल्टा नावाच्या बेटावर एका वृद्धाश्रमात नोकरी करते. तिने भाऊ, वहिनी आणि दोन्ही भाचरांना मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी बोलावले होते. अर्धा खर्च ती उचलणार होती. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. वहिनीचा प्रश्न साधा होता : "ताई, पोरं समुद्रात खेळतील म्हणते ती. कपडे कोणते घेऊ?" आम्ही उलट विचारले, दोघांचा सिकलसेलचा रिपोर्ट कुठे आहे? तो कधी काढलाच नव्हता.

नर्स, केअरगिव्हर, हॉटेलातले कामगार म्हणून बाहेर देशी गेलेली आपली मुले-मुली आता थोडी नाहीत. कोणी ना कोणी घरच्यांना बोलावते. त्या कुटुंबाला आम्ही जे सांगितले, ते इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो.

माल्टा हा भूमध्य समुद्रातला छोटासा देश आहे, इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्याची मुख्य बेटे. सगळे मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मे. माल्टीजबरोबर इंग्रजीही तिथली राजभाषा आहे, त्यामुळे दवाखान्यात बोलणे अडत नाही. चलन युरो.

पहिला घोळ महिन्याचा होतो. आपल्या डोक्यात मे म्हणजे कडक ऊन. तिथे मे महिन्यात हवा छान असते, ऊनही पडते, पण समुद्राचे पाणी थंड असते, साधारण १८ ते १९ अंश सेल्सिअस. पाणी हवेपेक्षा हळू तापते आणि हळू निवते. म्हणून ऑगस्टमध्ये ते २६ अंशांच्या आसपास पोचते आणि ऑक्टोबरमध्येही २३-२४ अंश टिकते. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतला समुद्र उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या समुद्रापेक्षा ऊबदार! दिवाळीच्या सुमारास तिथे पावसाच्या सरी आणि वारे सुरू होतात, हे खरे. पंधरा दिवसांतले तीन-चार दिवस घरात जातील असे धरून चालावे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी उत्तम, पण तेव्हा आपल्या शाळा चालू असतात, गर्दी फार आणि तिकिटे महाग.

थंड पाण्याने एरवी काय होते? मूल कुडकुडते, ओठ निळे पडतात, बाहेर काढून पुसले की बरे होते. पण सिकलसेलचा एसएस रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला, अंगातले पाणी कमी झाले, की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगाला एकदम थंडी लागली की वाहिन्या आकसतात आणि अडकणे वाढते. मग हाडे, पोट, छाती यांत असह्य दुखणे सुरू होते. त्यालाच क्रायसिस म्हणतात. थंड पाण्यात डुंबणे हे क्रायसिसचे जुने, माहीत असलेले कारण आहे.

आपल्या विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार किती घरांत आहे हे सांगायला नको. तरी रिपोर्ट नसतो. "पोरगं तसं बरं आहे" म्हणून कोणी काढत नाही. आम्ही वहिनीला खोदून विचारले तेव्हा निघाले, की धाकट्याची दोन वर्षांचा असताना हातापायाची बोटे सुजली होती. थंडीने झाले म्हणून तेल चोळले होते. ते थंडीचे नव्हते. लहान बाळाची बोटे अशी सुजणे ही सिकलसेलची पहिली खूण असते. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटी चाचणी झाली, ती दोघांचीही पॉझिटिव्ह आली. पण त्या चाचणीने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. ती झाली. मुलगी एएस, म्हणजे वाहक. मुलगा एसएस.

वहिनी रडली. सासूबाई म्हणाल्या, आता कुठे जायचे नाही. आमचे मत तसे नाही. एसएस मूल विमानात बसू शकते, समुद्रावरही जाऊ शकते, पण डॉक्टरांना दाखवून, औषधे सुरू करून, तब्येत स्थिर असताना. नुकताच क्रायसिस होऊन गेला असेल किंवा रक्त फार कमी असेल तर थांबावे. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तितका राहतो आणि हवा कोरडी असते. म्हणून दर तासाला पाणी पाजायचे, अंगावर स्वेटर आणि पायमोजे ठेवायचे, अधूनमधून चालवायचे. इथून तिथे जाताना सहसा दुबई किंवा इस्तंबूलला विमान बदलावे लागते, त्या थांब्यातही पाणी चालू ठेवायचे. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मोठी बॅग चुकली तर औषध चुकायला नको. न्यूमोनियाची लस राहिली असेल तर निघण्याआधी घ्यावी. आणि ताप १०१ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसायचे नाही, सरळ दवाखाना. एसएस मुलाची प्लीहा नीट काम करत नसते, जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. एएस मुलीला यातले काही लागत नाही. तिने उन्हात खेळताना पाणी भरपूर प्यावे, एवढे पुरे.

एक गोष्ट वहिनीला धीर देऊन गेली. भूमध्य समुद्राच्या काठावर पूर्वी मलेरिया फार होता. आपल्याकडेही होता. जिथे मलेरिया, तिथे रक्ताचे असे अनुवंशिक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, कारण वाहक माणूस मलेरियातून जास्त वाचायचा. सायप्रस, सार्डिनिया, सिसिली, ग्रीस इथे थॅलेसेमिया आहे, ग्रीस-सिसिलीत सिकलसेलही आहे. त्यामुळे त्या भागातल्या डॉक्टरांना हिमोग्लोबिनचे आजार नवे नाहीत. रिपोर्टची प्रत दाखवली की पुढचे बोलणे सोपे होते. माल्टातले मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे म्सिदा गावातले मातेर देई. तातडीचा फोन ११२.

आता कागदपत्रे. माल्टासाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्यांना माफ. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. एजंट "गॅरंटी" देत असेल तर तिथून उठून यावे, गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. इथे लोक फसतात. विमा काढताना आधीचा आजार लपवला, की नेमक्या त्याच आजाराचा खर्च कंपनी नाकारते. सिकलसेल लिहून द्या, आधीच्या आजाराची तातडी भरून देणारी पॉलिसी मागा, हप्ता थोडा जास्त बसला तरी. कर्ज काढून मात्र कोणी जाऊ नये. बचत गटाचे पैसे फिरायला उचलायचे नसतात, हे आम्ही वहिनीच्या नवऱ्याला तोंडावर सांगितले.

किनारा कोणता निवडायचा? माल्टाचा बराचसा काठ खडकांचा आहे. फोटोत सुंदर दिसणारे निळे पाणी बहुतेक वेळा खडकावरून एकदम खोल पाण्यात उतरते. लहान मुलांसाठी वाळूचा, उथळ किनारा हवा. मेल्लीहा खाडीचा किनारा तसा आहे, लांबरुंद वाळू आणि बऱ्याच आतपर्यंत उथळ पाणी. गोल्डन बेही वाळूचा आहे. त्याच्या शेजारचा आयन तुफिहा देखणा, पण खूप पायऱ्या उतराव्या-चढाव्या लागतात. एसएस मुलाला भर उन्हात तेवढे चढवू नये. गोझोला बोटीने जाता येते, तिथे रामला नावाचा तांबूस वाळूचा किनारा आहे. पण लाटा असतील त्या दिवशी तिथे आत ओढणारा प्रवाह असतो, तेव्हा फक्त वाळूत खेळावे. कोमिनोचा ब्लू लगून प्रसिद्ध आहे, पण तिथे सावली कमी, गर्दी जास्त, बसायला खडक. चार वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही जाणार नाही.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी अगदी थोडी. मुंबईसारखे पाणी कित्येक फूट चढत-उतरत नाही. म्हणून लोक गाफील राहतात. धोका वाऱ्याचा असतो. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल तर हवेच्या ट्यूबवर बसलेले मूल पाच मिनिटांत हाताबाहेर जाते. ट्यूब आणि हवेचे खेळणे म्हणजे जीवरक्षक जॅकेट नव्हे. किनाऱ्यावर झेंडे असतात. लाल झेंडा दिसला की पाण्यात पाऊल टाकायचे नाही. मुलांचे कपडे केशरी, गडद गुलाबी असे भडक रंगाचे घ्या. निळे, पांढरे कपडे पाण्याखाली दिसतच नाहीत. वहिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच. तिने स्वतः साडी किंवा ओढणी घेऊन पाण्यात जायचे नाही, ओली साडी पायात गुंडाळते. लेगिंग आणि टी-शर्ट पुरे. तिथे सगळे तोकड्या कपड्यांत असतात, आपल्याकडे कोणी बघत नाही.

बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होते आणि ते गप्प खाली जाते. म्हणून मूल पाण्यात असताना एक मोठे माणूस हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर हवे, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. "आपण सगळे आहोत ना" म्हणजे कोणीच बघत नाही. पाळी ठरवून घ्या.

आम्ही वॉर्डात असताना खदानीच्या पाण्यात बुडालेला सात वर्षांचा मुलगा आणला होता. काठावर लोकांनी त्याला उलटा धरून गरगर फिरवले होते, मग पोट दाबले होते. त्यात जी दहा मिनिटे गेली, त्यांत तो गेला. आपल्या वस्त्यांत पोहायला शिकायची जागा नाही, खदान तेवढी आहे. म्हणून हे प्रत्येक घरात माहीत हवे. मूल बाहेर काढले, हाक मारली, उत्तर नाही, श्वास नाही : कोणाला तरी मदतीसाठी पाठवा. मुलाला कठीण जागी उताणे झोपवा, हनुवटी वर करून डोके थोडे मागे करा, नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून आधी ५ श्वास द्या. छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाबा, वेगाने, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतके खोल. परत २ श्वास, परत ३० वेळा. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. पोट दाबायचे नाही, उलटे करायचे नाही. वहिनीकडून आम्ही हे उशीवर दहा वेळा करून घेतले, नवऱ्याकडूनही.

भूमध्य समुद्रात जांभळट रंगाची एक जेलीफिश असते, तिचा डंख चटका दिल्यासारखा लागतो. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने धुतले, वाळूने किंवा टॉवेलने घासले, तर उरलेले डंख फुटतात. या जातीला व्हिनेगरही लावू नये. चिकटलेले तंतू चिमट्याने उचला. नंतर लोक बर्फ लावतात. एसएस मुलाला बर्फ कधीच लावू नका. श्वास लागला किंवा तोंड सुजले तर ११२. खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात, तिथे रबरी चप्पल हवी.

ऊन टाळण्याचा सोपा मार्ग घड्याळात आहे. उन्हाळ्यात तिथे सूर्य रात्री आठनंतर मावळतो. दुपारी झोपा, चारनंतर किनाऱ्यावर जा, तरी चार तास उजेड मिळतो. दिवाळीत मात्र लवकर अंधारते, तेव्हा सकाळीच जावे. आपली कातडी सावळी म्हणून भाजणे कमी, पण उष्माघात सावळ्या-गोऱ्याला सारखाच. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी महागड्या क्रीमपेक्षा भरवशाची. आरोग्य केंद्रातून ओआरएसची पाकिटे न्या, एका लिटर पाण्याला एक पूर्ण पाकीट.

खाण्यात एकच सांगायचे. तिथे बिगिला नावाची वाटाणी पावाला लावून खातात. ती एका प्रकारच्या बाकला शेंगेच्या दाण्यांची असते. ज्याला जी-सिक्स-पीडी ची कमतरता आहे, त्याच्या लाल पेशी हे दाणे खाल्ल्यावर फुटू शकतात. लघवी कोलासारखी होते, डोळे पिवळे पडतात. हीही चाचणी धाकट्याची करून घेतली, ती ठीक निघाली. बाकी वाटाण्याची किंवा चीजची पास्तित्सी मुले आवडीने खातात.

तिकिटे आता दिवाळीच्या सुट्टीची काढली आहेत. नणंदेने मेल्लीहाजवळ राहायची सोय पाहिली आहे. धाकट्याच्या गोळ्या एप्रिलपासून सुरू आहेत, दर महिन्याला रक्त तपासणी होते. त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवायला एक कार्ड आम्ही इंग्रजीत लिहून दिले आहे : नाव, वय, एसएस सिकलसेल, रक्तगट, औषधे, आत्याचा फोन नंबर. ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले आहे, कारण तो पाण्यात जाणारच.