पावसाळाभर उभी गाडी सुरू होईना? किक मारण्याआधी टाकीतलं पेट्रोल बघा

लोणावळा : दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, पण किक मारून मारून पाय दुखले तरी गाडी काही सुरू होईना. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळात हे चित्र नवीन नाही. आवणीच्या दिवसात चिखलामुळे जुनी गाडी पडवीत नाहीतर गोठ्यात लावली जाते, ती थेट पाऊस उघडल्यावरच बाहेर निघते. मग बॅटरी, प्लग सगळं बदलून होतं आणि दोष निघतो टाकीतल्या पेट्रोलचा.

पेट्रोल ठेवलं की उतरतं. त्यातला हलका भाग आधी उडून जातो, आणि गाडी सुरू व्हायला तोच लागतो. मागे राहिलेलं हळूहळू चिकट होतं. कार्बोरेटरमधल्या पायलट जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, तेवढ्या चिकटाने ते बुजतं.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. लोणावळ्याच्या पावसात हवाच ओली, त्यात टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या पत्र्याला दमट हवेचं पाणी सुटतं. झाकणाचं रबर गेलं असेल तर पाऊस सरळ आत. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मिसळून जातं, पण जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. नेमकं तेच इंजिनात जातं. वरून नवीन पेट्रोल टाकून हे दुरुस्त होत नाही, पैसे मात्र जातात.

ओळखायचं कसं? कॉकची नळी काढून कॉक रिझर्व्हवर करा आणि काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या. मेनवर ठेवलं तर तळातलं येणारच नाही. बाटली पंधरा मिनिटं न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला, पेट्रोल गढूळ किंवा चहासारखं गडद झालं, आंबूस वास आला, तर सगळं काढायचं. स्वच्छ असेल आणि गाडी महिना-दीड महिनाच उभी असेल, तर ताजं पेट्रोल भरून चालवून टाकावं.

हे काम गोठ्यात किंवा घरात करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत जाते. बिडी, मोबाईलचा चार्जर, देवापुढचा दिवा, सगळं लांब. नळी तोंडाने ओढायची सवय तर सोडाच. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. चुकून गिळलं गेलंच, तर उलटी काढायला लावू नये, तडक दवाखाना गाठावा.

टाकी रिकामी झाली की कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू ढिला करून तिथलंही काढा. त्यानंतर दोन लिटर ताजं पेट्रोल भरून चोक ओढून बघा. तरीही धरली नाही तर जेट साफ करायला मेस्त्रीकडे न्यावी. तारेने भोक कोरू नका, मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल पिते. जुन्या गाडीची रबरी नळी कडक झाली असेल तर बदलून टाका, ती स्वस्तात मिळते.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना बहुतेक कार्बोरेटर नाही, कॉकही नाही. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. त्यामुळे रिकाम्या टाकीवर सेल्फ मारत बसू नका. असली गाडी घरी खोलण्यापेक्षा गॅरेजला दिलेली बरी.

काढलेलं पेट्रोल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. इथला ओढा इंद्रायणीला नाहीतर पवनेलाच मिळतो. चूल पेटवायला तर अजिबात वापरू नका, भडका अंगावर येतो. झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून गॅरेजवाल्याला विचारावं.

पुढच्या जूनमध्ये गाडी लावताना टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे दमट हवेला आत जागा राहत नाही. कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, वाटीत पेट्रोल उरणार नाही. आणि पावसाने एखादा दिवस उघडीप दिली की कॉक उघडून दूध घालायला तिच्यावरच जावं, नुसतं जागेवर चालू करून बंद करण्यापेक्षा ते चांगलं.