दुधातले पेप्टाइड आणि आपली साखर

मागच्या महिन्यात साकोलीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी पिशवीतून डबा काढून दाखवला. डब्यावर लिहिलं होतं, दुधातील पेप्टाइड, साखर आटोक्यात. मावशींनी वीस दिवसांपासून गोळी बंद केली होती. ‘दूधच त आहे बाई, त्यानं का होते?’ त्यांची उपाशीपोटी साखर निघाली २८६. म्हणून आज हाच विषय घेतला.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ समजा. पोटात गेल्यावर ती तुटते. दोन, तीन, दहा-वीस मण्यांचे जे तुकडे होतात, ते पेप्टाइड. दूध प्यायलं की ते आपल्या पोटात तयार होतात. दह्यात तर विरजणातले जिवाणूच हे काम थोडंफार आधी उरकून ठेवतात.

आता साखरेशी संबंध कसा? आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला सांगतं, इन्सुलिन सोड. पण डीपीपी-४ नावाचं विकर त्याला काही मिनिटांतच निकामी करतं. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही नावं तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी गोळ्यांच्या पत्त्यावर असतील. या गोळ्या त्या विकरालाच अडवतात. दुधातले काही पेप्टाइडही प्रयोगशाळेतल्या नळीत हेच करताना दिसले आहेत. म्हणजे डबेवाल्याचं बोलणं अगदी हवेतलं नाही. पण नळीत पेप्टाइड थेट विकरावर टाकतात. आपल्या पोटात मात्र पाचकरस त्याचे आणखी तुकडे करतात, आणि रक्तात पोचतं ते फारच थोडं. गोळीची बरोबरी त्यानं होत नाही.

माणसांवरही प्रयोग झाले आहेत. इस्रायलमध्ये मधुमेहाच्या १५ रुग्णांना न्याहारीआधी दुधाच्या निवळीतलं ५० ग्रॅम प्रथिन पाण्यातून दिलं. २०१४ साली ते छापून आलं. न्याहारीनंतरची साखर सुमारे २८ टक्के कमी राहिली. ऐकायला छान वाटतं, पण रुग्ण पंधराच, आणि मोजणी तीन तासांची.

काही जणी विचारतील, मग चक्का बांधल्यावर गळणारं पाणीच प्यावं का? हिशोब करा. एक लिटर निवळीत हे प्रथिन फार तर सात-आठ ग्रॅम. पन्नास ग्रॅमसाठी सहा लिटरच्या वर पाणी प्यावं लागेल, आणि त्यात दुधातली साखरही आलीच. त्यापेक्षा त्या पाण्यात कणीक भिजवा.

आपल्याकडे धानाचा मुलूख, दोन्ही वेळ भात. तो एकदम सुटत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ताटात आधी भाजी, घट्ट वरण, वाटीभर दही संपवायचं आणि भात शेवटी, थोडा घ्यायचा, एवढं जमतं. यानं जेवणानंतरची साखर जरा सावकाश चढते. ताकात साखर नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनाची कोणतीही पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि डब्याच्या भरवशावर गोळी सोडू नका. साखर तपासण्यापुरतीच गोष्ट असेल तर आशाताईंना सांगा, उपकेंद्रात सोय होते.

मावशींनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन गोळी पुन्हा सुरू केली. डबा अजून फडताळात आहे. पैसे गेले याचं त्यांना वाईट वाटतं, म्हणून फेकवत नाही. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करायला त्यांच्यासोबत गटातली एक जण जाणार आहे.