लेन्स घेण्याआधी खोली मोजा

नवा कॅमेरा घेतला की सुरुवातीचे काही महिने सोबत आलेल्या लेन्सवर भागतं. मग कुणाच्या तरी मोबाइलवर एक फोटो दिसतो. त्यात चेहरा लख्ख असतो आणि मागचं सगळं विरघळून गेलेलं असतं. तिथून चुळबुळ सुरू होते. आमच्या विडी घरकुलातली पोरं-पोरी माझ्याकडे येतात ती हाच प्रश्न घेऊन : "अक्का, झूम घेऊ का प्राईम?" मी त्यांना उलट विचारते, "फोटो कुठं उभं राहून काढणार आहेस?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं की लेन्सचा निम्मा प्रश्न सुटतो.

मी राहते कुंभारीत, सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर. विडी कामगार बायकांसाठी इथं गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं बायकांच्या ताब्यात आली. पुढं याच गावाच्या शिवारात तीस हजार घरांचं रे नगर आखलं गेलं आणि त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. माझी आई विड्या वळते. मी लग्न-बारशाचे फोटो काढून पोट भरते आणि मोकळ्या वेळात विड्या वळणाऱ्या बायकांचे फोटो काढते. लेन्सबद्दल मला जे कळलं ते या छोट्या घरांमध्ये कळलं.

आधी मुळाशी जाऊ. लेन्सवर मिलिमीटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो, तिची फोकल लेंथ. आकडा लहान असेल तर लेन्स रुंद पाहते; मोठा असेल तर थोडाच भाग पाहते, पण तो मोठा करून दाखवते. कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा १८-५५ ची लेन्स येते. रिंग फिरवली की १८ पासून ५५ पर्यंत कुठंही थांबता येतं. हीच झूम. प्राईमला एकच आकडा असतो : २४, ३५, ५०. दृश्य मोठं किंवा लहान करायचं तर आपणच पुढं-मागं व्हायचं.

आता हे आकडे घरात आणून बघू. समजा, खोली दहा फुटांची आहे. कॅमेरा घेऊन तुम्ही एका भिंतीला पाठ टेकवून उभे आहात. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांमधला सेन्सर सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. त्यावर १८ ची लेन्स लावली तर समोरच्या भिंतीचा तेरा फुटांचा पट्टा फोटोत बसेल, म्हणजे सगळी भिंत येऊन वर जागा उरेल. ३५ लावली तर पावणेसात फूट. ५० लावली तर पावणेपाच फूट. आमच्याकडे दुपारी तीन-चार बायका भिंतीशी ओळीनं बसतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बाजूला दोऱ्याचं रीळ. ५० मध्ये त्यातल्या जेमतेम दोघी येतात. मागं सरकायला जागा नसते, पाठीशी भिंत असते. ३५ मध्ये तिघी सुपांसकट बसतात.

म्हणूनच "पहिली प्राईम पन्नासचीच घे" हा सगळीकडे मिळणारा सल्ला मला सरसकट पटत नाही. पन्नासचा बोलबाला फिल्मच्या काळातला आहे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं आयुष्यभराचं बहुतेक काम ५० च्या लेन्सवर केलं, पण त्याच्या कॅमेऱ्यातली फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद होती. आपला सेन्सर त्याहून लहान. त्यामुळं आपल्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स जुन्या हिशेबानं ७५ ते ८० सारखी वागते. कार्तिए-ब्रेसाँला जितकं दिसायचं तितकं आपल्याला पाहायचं असेल तर ३५ च्या आसपासची लेन्स हवी. अंगणात, गच्चीवर, शाळेच्या मैदानावर एकट्या माणसाचा चेहरा टिपायला ५० सुरेख आहे. घराच्या आत ३५ किंवा २४ बरी.

मग घरात प्राईम हवीच कशाला? १८-५५ मध्ये ३५ चा आकडा आहेच की. इथं दुसरी गोष्ट येते, उजेड.

लेन्सच्या आत पात्यांचं एक छिद्र असतं, त्याला अपर्चर म्हणतात. ते किती उघडतं हे 'एफ' पुढच्या आकड्यावरून कळतं. आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. साधी १८-५५ ही ५५ वर असताना एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. तिचं छिद्र तेव्हा सुमारे दहा मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. एफ १.८ ची ५० मिमी प्राईम पूर्ण उघडली की तेच छिद्र जवळपास अठ्ठावीस मिलिमीटर होतं, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठं. उजेडाचा हिशेब केला तर जवळजवळ दहापट फरक पडतो.

हा दहापट फरक हातांवर दिसतो. भिजवलेलं तेंदूचं पान मापाच्या पत्र्यावर धरून कात्रीनं कापायचं, त्यात तंबाखू भरायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यात पान फिरवायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सरावाच्या बाईचं हे सगळं काही सेकंदांत होतं. खिडकीपासून आत, सावलीत बसलेल्या बाईचा फोटो साध्या झूमनं काढताना शटर एक तीसांश सेकंदावर आलं, तर तिचा चेहरा नीट येतो पण बोटं पुसल्यासारखी होतात. त्याच उजेडात एफ १.८ वर शटर एक तीनशेअंश सेकंदाच्या आसपास जातं. मग अंगठ्याचं नख, त्याच्या कडेला बसलेला तंबाखूचा तपकिरी रंग, दोऱ्याचा ताण हे सगळं जागच्या जागी थांबतं. माझ्या दृष्टीनं तो फोटो त्या बाईच्या कसबाचा पुरावा असतो. बोटं पुसलेली असली तर कसब दिसत नाही.

दुकानात हमखास सांगतात की झूममध्ये स्टॅबिलायझेशन आहे, फोटो हलणार नाही. ते खरं आहे, पण अर्धं. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरच्या माणसाची हालचाल ते थांबवू शकत नाही. देऊळ, वाडा, ठेवलेली समई यांच्यासाठी ते उत्तम. रांगणारं मूल, चालणारा माग, वळली जाणारी विडी यांना मात्र जास्त उजेडच लागतो.

मोठ्या छिद्राची एक अटही आहे. ५० ची लेन्स एफ १.८ वर ठेवून सहा-सात फुटांवरच्या माणसाचा फोटो काढला, तर फोकसमध्ये राहतो तो जेमतेम चार-साडेचार इंचांचा थर. पुढच्या बाईचे डोळे धारदार येतात आणि शेजारची धूसर होते. म्हणून दोघी-तिघी असतील तर एफ ४ पर्यंत यावं, आणि एकट्या चेहऱ्यातही फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवावा. मागचं धूसर करण्याच्या नादात त्या बाईचं घर, भिंतीवरचे देव, कोपऱ्यातली पानांची पेंडी हे सगळं पुसून टाकू नये. तेही तिच्या फोटोचा भाग आहे.

हे सगळं वाचून झूम कमी दर्जाची वाटेल, तर तसं मुळीच नाही. संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात उंच नंदीध्वज तोलत निघतात आणि सिद्धेश्वर देवळाजवळ संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. त्या गर्दीत एकदा जिथं उभं राहिलात तिथंच तुम्ही राहणार. पाऊल टाकायला जागा नसते. क्षणापूर्वी नंदीध्वजाचं टोक आभाळात दिसत असतं आणि लगेच काठी पेलणाऱ्याचा घामेजलेला चेहरा समोर येतो. तिथं १८ वरून ५५ वर मनगटाच्या एका वळणात जाता येणं ही फार मोठी सोय आहे. शिवाय दिवस लख्ख असतो, उजेडाची ददात नसते. लग्नातही अंतरपाट सरकतो तेव्हा लेन्स बदलायला कुणी वेळ देत नाही.

धुळीचाही विचार करावा. आमच्या भागात उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर माती उडते. लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो आणि त्यावर बसलेला कण पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळावर काळा ठिपका होऊन येतो. बाहेर झूम लावूनच निघावं. बदलायचीच वेळ आली तर आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदलावी. आणि नान्नजच्या माळरानावर काळवीट टिपायचं स्वप्न असेल, तर तिथं ३५ आणि ५० दोन्ही निरुपयोगी. त्याला ७०-३०० सारखी लांब पल्ल्याची झूमच लागते.

दोन्हींचं सुख एकाच लेन्समध्ये मिळत नाही का? मिळतं. सगळ्या आकड्यांवर एफ २.८ देणाऱ्या झूम असतात, पण त्या जड आणि महाग. मोठ्या कॅमेऱ्यांसाठीची कंपनीची २४-७० लाखाच्या वर जाते. त्यापुढं साध्या ३५ किंवा ५० च्या प्राईम सामान्य घराला झेपणाऱ्या. कॅननची एफ १.८ ची ५० मिमी फक्त १६० ग्रॅमची आहे, निकॉनची डीएक्स ३५ मिमी २०० ग्रॅमची. लहान लेन्स पाहून समोरचं माणूसही कमी बुजतं, हे मी रोज बघते.

घेताना एक काळजी घ्या. लेन्स तुमच्याच बॉडीच्या माउंटची हवी. कॅननच्या आरएफ माउंटची लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही. निकॉनची जुनी 'एएफ ५० मिमी एफ १.८ डी' स्वस्तात मिळते आणि डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर बसतेही, पण त्या बॉडीत फोकसची मोटर नसल्यानं फोकस हातानं करावा लागतो. त्यांना 'एएफ-एस' लिहिलेली लेन्स लागते. वापरलेली लेन्स घेत असाल तर मोबाइलची बॅटरी एका बाजूनं मारून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का पाहा, आणि आपल्या कॅमेऱ्यावर लावून जवळचा-लांबचा फोकस तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

एवढं झाल्यावर पोरांना मी सांगते ते असं. आहे ती १८-५५ विकू नका, ती बाहेरची लेन्स आहे. नवी लेन्स घेण्याआधी स्वतःचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो कितीच्या फोकल लेंथवर काढला ते नोंदलेलं असतं. आवडीचे फोटो कुठल्या आकड्याभोवती जमतात ते लिहून काढा. मग एक सुट्टीचा दिवस झूम ३५ वर ठेवून घरात वावरा, दुसरा दिवस ५० वर. रिंगला हात लावायचा नाही. भिंत कुठं आड येते ते स्वतःलाच कळेल. घरातली माणसं आणि त्यांचं काम टिपायचं असेल तर ३५ ची प्राईम घ्या. मोकळ्या जागेत चेहरे टिपायचे असतील तर ५० ची. यात्रा, मिरवणुका, लग्नंच करायची असतील तर आहे त्या झूमवर अजून वर्षभर हात बसवा आणि पैसे साठवा.

आणि नवी लेन्स आली की पहिले फोटो घरच्यांच्या हातांचे काढा. विडीचे, शिलाईचे, भाकरीचे, मागाचे. या वस्त्यांचे फोटो आजवर बहुतेक उद्घाटनाच्या दिवशी, व्यासपीठावरून निघाले. बाकीच्या दिवसांचे फोटो इथं राहणाऱ्यांनीच काढायला हवेत. त्यासाठी आपल्या खोलीला आणि आपल्या खिडकीच्या उजेडाला पुरेल एवढी एक लेन्स बास आहे.