पुढारी नसतो तेव्हा काम कोण चालवते?

मार्च १९४८. गांधीजींच्या हत्येला जेमतेम दीड महिना झाला होता. देशभरचे रचनात्मक कार्यकर्ते सेवाग्रामला जमले. राजेंद्र प्रसाद, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, विनोबा भावे असे सगळे होते. ही बैठक गांधीजींच्या हयातीतच ठरलेली होती आणि तेही तिला येणार होते. आता सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता, यापुढे वाट कोणी दाखवायची? खादी, ग्रामोद्योग, नयी तालीम म्हणजे कामातून शिक्षण, ही सगळी कामे एका माणसाकडे पाहून चालत आली होती. गांधीजींच्या जागी दुसरा कोणी नेमून प्रश्न मिटवता आला असता. पण बैठकीतून निघाला तो सर्वोदय समाज. त्यात हुकूम देणारे कोणी नव्हते आणि शिस्तीचा बडगाही नव्हता. ज्याला विचार पटेल त्याने यावे, असा तो सैलसर बंधुभाव होता.

विचार म्हणून हे सुंदर होते. पण रोजचा स्वयंपाक, शेती, हिशेब, भांडणे हे सगळे पुढाऱ्यावाचून कसे चालायचे? याचे तपशीलवार उत्तर वर्धा जिल्ह्यातच, सेवाग्रामपासून जवळ असलेल्या पवनारला शोधले गेले. २५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या, ब्रह्मचर्याने राहणाऱ्या बहिणींचा हा आश्रम. स्त्रियांनी एकत्र साधना करावी आणि आपला कारभार आपणच पाहावा, ही त्यामागची कल्पना. विनोबा त्या वेळी भूमिहीनांसाठी जमिनीचे दान मागत भूदानाच्या पदयात्रेत होते. १९५१ मध्ये त्यांनी पवनार सोडले होते आणि ते परतले १९६४ मध्ये. म्हणजे आश्रमाची पहिली पाच वर्षे संस्थापक जागेवरच नव्हते. आश्रमाला प्रमुख नाही आणि बहिणींमध्ये वरची-खालची पायरी नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा गेले. त्यांच्या जागी कोणी गादीवर बसले नाही आणि आश्रम चालू राहिला.

हे कसे साधते ते समजून घ्यायचे तर आधी पुढारी नेमके काय करतो ते पाहावे लागेल. तो पाच कामे करतो. कोणती गोष्ट केव्हा करायची ते ठरवतो, कामे वाटून देतो, सगळी माहिती आपल्यापाशी ठेवतो, निर्णय घेतो आणि भांडण मिटवतो. माणूस बाजूला केला म्हणून ही कामे संपत नाहीत. त्यातले प्रत्येक काम कोणाकडे तरी किंवा कशाकडे तरी सोपवावे लागते.

पहिले काम वेळेचे. पवनारला ते दिनक्रमाकडे आहे. पहाटे ईशावास्याचा पाठ, सकाळी विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे. या प्रार्थनांमागे श्रद्धा आहेच, पण कारभाराच्या नजरेने पाहिले तर त्या आणखी एक काम करतात. सगळा समूह दिवसातून काही वेळा ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या जागी एकत्र येतो. त्यासाठी कोणी कोणाला बोलावत नाही. एखादी बहीण आजारी असेल, कोणाची चर्या उतरलेली असेल, तर ते तिथेच सगळ्यांच्या ध्यानात येते. ज्या गटाला भेटण्याची पक्की वेळ नसते, तिथे 'चला रे' म्हणणारा एक जण लागतो, आणि हळूहळू तोच पुढारी होतो.

दुसरे काम कामांच्या वाटपाचे. पवनारचा शिरस्ता स्वावलंबनाचा. शेती, गोठा, स्वयंपाक, सफाई, सूतकताई हे सगळे बहिणींनीच करायचे. 'मैत्री' हे मासिक त्यांनी स्वतः संपादित केले, स्वतः खिळे जुळवून छापले. संपादन करणारा हात आणि भाजी निवडणारा हात एकाच घरातला असला की कोणतेही काम कोणाचा मोठेपणा ठरत नाही. दुसरा लाभ असा की, जिने गोठ्यात काम केले आहे तिला गोठ्याविषयीच्या चर्चेत बाहेरच्या तज्ज्ञाची गरज पडत नाही. अधिकार कामातून येतो आणि ते काम संपले की तोही संपतो.

तिसरे काम माहितीचे. जमाखर्च, धान्याचा साठा, आलेली पत्रे, कबूल केलेली कामे ही ज्याच्याजवळ असतात त्याच्या हाती पद नसतानाही सत्ता येते. म्हणून पुढारी नको म्हणणाऱ्या प्रत्येक गटाला आधी वही उघडी ठेवावी लागते. पैसा किती आला, कुठे गेला, काय ठरले, कोणी करायचे, हे सर्वांना विचारल्यावाचून दिसले पाहिजे.

चौथे काम निर्णयाचे, आणि सगळ्यात खोल बदल इथे होतो. पवनारचा नियम सर्वानुमतीचा आहे. बहुमताबद्दल विनोबांची तक्रार जुनी होती. आपल्याकडे 'पाच बोले परमेश्वर' म्हणत, आता तीन बोलले की परमेश्वर झाला, अशा अर्थाचे ते सांगत. पाचांत तीन एकीकडे झाले की उरलेल्या दोघांना समजावण्याचे कारणच उरत नाही. सर्वानुमतीत ते कारण शेवटपर्यंत टिकते.

समजा, एका गटाला गोठ्यात आणखी एक गाय घ्यायची आहे. एकीचे म्हणणे, दूध कमी पडते. दुसरी म्हणते, वैरण पुरणार नाही. गोठा सांभाळणारी म्हणते, माझे दोन हात आहेत, तिसरा कुठून आणू? मतदान घेतले तर दूध हवे असणाऱ्या जिंकतील, गाय येईल आणि गोठा सांभाळणारी आतून तुटेल. सर्वानुमतीत मात्र तिची अडचण सोडवल्याशिवाय गाय येत नाही. मग कोणीतरी सकाळचा एक तास गोठ्याला देते किंवा वैरण हाती येईपर्यंत विषय पुढे जातो. बैठक लांबते हे खरे. पण जे ठरते ते करून घेण्यासाठी मागे कोणाला लागावे लागत नाही.

सर्वानुमती म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट मनापासून आवडणे नव्हे. 'मला हे फारसे रुचत नाही, पण मी आड येत नाही' हेही उत्तर चालते. अडवण्याचा हक्क मात्र जपून वापरायचा असतो. जो अडवतो त्याने कारण सांगावे आणि दुसरा मार्ग शोधायला बसावे. इंग्लंडमधला क्वेकर पंथ सतराव्या शतकापासून आपल्या सभा मतदानाशिवाय चालवत आला आहे, आणि तिथेही हीच रीत दिसते.

पाचवे काम भांडणाचे. एकत्र राहणाऱ्यांत ते होणारच. त्यासाठी न्यायाधीश नेमला की तो पुढारी होतो. म्हणून ज्यांचे भांडण त्यांनी आधी आपसांत बोलायचे, मग सर्वांसमोर, आणि तोवर त्या विषयाचा निर्णय थांबवायचा, ही वाट धरावी लागते. वेळ जातो, पण मनातली गाठ आतच सडत नाही.

छोट्या आश्रमात हे जमते, गावात जमेल का, अशी शंका येणे योग्य आहे. तिचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने दिले. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि सर्वोदयाच्या वाटेने आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी मिळून तिथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या. अभ्यासगट विषय समजून घेतो, कायदा वाचतो, जाणकाराला विचारतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वानुमतीने. या एका विभागणीने मोठी अडचण सुटते. जास्त शिकलेल्या माणसाचे ज्ञान गावाला मिळते, पण त्याच्या ज्ञानाची सत्ता होत नाही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. जंगल राखणे, बांबू तोडणे, विकणे, मजुरी देणे, हिशेब ठेवणे हा साधा कारभार नव्हे.

अशा व्यवस्था आपल्याला नव्या नाहीत. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची पाणीवाटपाची फड पद्धत शतकानुशतके शेतकऱ्यांनीच चालवली. कोणत्या फडात, म्हणजे शेतजमिनीच्या कोणत्या भागात, कोणते पीक घ्यायचे ते एकत्र ठरे आणि पाणी सोडायला पाटकरी असे. पाटकरी गावाचा नोकर होता, मालक नव्हता. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी विदुषीने जगभरची सामायिक जंगले, कुरणे आणि पाटबंधारे अभ्यासले. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना सारख्याच गोष्टी आढळल्या. सभासद कोण ते स्पष्ट असते, नियम पाळणारेच नियम करतात, देखरेख आपसांत असते, चुकीला आधी हलकी आणि मग चढती शिक्षा असते, आणि भांडण मिटवण्याची जागा जवळ असते.

ही वाट फसतेही, आणि ते लपवून उपयोग नाही. १९५६ मध्ये तमिळनाडूत पळणी इथे विनोबांनी तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती जाहीर केली. भूदान समित्या विसर्जित झाल्या आणि केंद्रीय निधी थांबला. समित्या करत होत्या ती कामे गावोगाव कोणी उचलायची, हे मात्र सगळीकडे ठरलेले नव्हते. दानात मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोचलाच नाही. याची कारणे अनेक आहेत. पण तंत्र काढताना त्याची कामे वाटून दिली नाहीत तर काय होते, ते इथे दिसते.

दुसरा धोका छुप्या पुढाऱ्याचा. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की, आमच्यात कोणी नेता नाही असे म्हणणाऱ्या गटांत बहुधा मैत्रिणींचे एक छोटे वर्तुळ सगळे ठरवत असते. त्याला पद नसल्यामुळे जाबही विचारता येत नाही. पवनारलाही विनोबांच्या शब्दाचे वजन फार मोठे होते. म्हणून त्या आश्रमाची खरी परीक्षा १९८२ नंतर झाली, आणि ती त्या बहिणींनी दिली.

या साऱ्यातून माझे मत पक्के झाले आहे. पुढारी नसलेल्या समूहाला नियम कमी नाही, जास्त लागतात. फरक इतकाच की, ते सर्वांनी केलेले असतात आणि सर्वांना दिसतात.

तुमचा बचत गट असो, गृहनिर्माण संस्था असो की गणेश मंडळ, पुढच्या बैठकीत एकच विषय निवडा आणि तो मतदानाशिवाय सोडवून पाहा. बैठकीची वेळ आधी पक्की करा आणि हिशेबाची वही मध्ये ठेवा. सगळ्यात कमी बोलणाऱ्याला सगळ्यात आधी बोलू द्या. कोणी नाही म्हटले तर त्याच्या अडचणीपासून पुन्हा सुरुवात करा. पहिल्या बैठकीत जमले नाही तर दुसरी घ्या.